विश्लेषण : संगणक म्हणतो ‘बरोबरी’, मग माणूस हरतो कसा? हत्तींच्या एंडगेमचं कोडं

खडकवासला : रविवारची संध्याकाळ. स्वारगेटहून खडकवासल्याला येणारी पीएमपी सिंहगड रस्त्यावर नेहमीप्रमाणे अडकलेली. मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव सुरू होता. माझ्याकडे राजा, हत्ती आणि सातव्या ओळीत पोहोचलेलं एक प्यादं, समोर नुसता राजा आणि हत्ती. बस धरणाच्या चौपाटीजवळ पोहोचेपर्यंत तीच स्थिती पटावर तीनदा आली आणि डाव बरोबरीत सुटला.

घरी येऊन संगणकाला विचारलं, कुठे चुकलो? उत्तर आलं, कुठेच नाही. माझी शेवटची प्रत्येक चाल ‘जिंकणारी’ होती. तरी मी जिंकलो नाही.

हा गोंधळ माझ्यासारख्या हौशी खेळाडूपुरता नाही. मोबाइलवर मोठ्या स्पर्धा पाहताना बाजूला जी काळी-पांढरी पट्टी दिसते, ती मध्यावर असली की आपण म्हणतो ‘बरोबरी’. मग अचानक एक खेळाडू हात पुढे करतो आणि डाव सोडतो. पटावर हत्ती उरलेले असतात तेव्हा हे विशेष घडतं.

गुकेशचा जगज्जेतेपदाचा डाव आठवा

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातला चौदावा आणि शेवटचा डाव. गुण ६.५-६.५. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि काही प्यादी. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण सगळी प्यादी पटाच्या एकाच बाजूला. संगणकाच्या मते बरोबरी. जाणकारही तेच सांगत होते.

५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला. गुकेशने हत्तींची मारामारी केली आणि मग उंट डी५ वर नेला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्याला पळायला जागा नव्हती. उंटही गेले. उरले राजे आणि प्यादी, आणि तिथे एक जास्तीचं प्यादं पुरेसं ठरलं. ५८व्या चालीला डाव संपला.

म्हणजे हत्ती पटावर होता तोवर डिंग वाचत होता. हत्ती लांबूनही काम करतो. मागून, बाजूने शह देतो, समोरच्या प्याद्यांना टोचत राहतो, राजाला एका ओळीपलीकडे येऊ देत नाही. त्यामुळे एक प्यादं कमी असलेलाही तग धरतो. ‘हत्तींचे सगळे एंडगेम बरोबरीतच सुटतात’ हा बुद्धिबळातला जुना विनोद त्यातूनच आला. विनोदच, कारण बरोबरी साधायला अचूक खेळावं लागतं.

माणूस हे कसं शिकतो?

थोड्या स्थिती पाठ करून आणि त्यामागचं कारण समजून घेऊन. त्यातल्या दोन प्रत्येक क्लासमध्ये शिकवल्या जातात.

पहिली फिलिडोरची, १७७७ सालची. ती बचाव करणाऱ्यासाठी. आपला राजा समोरच्या प्याद्याच्या वाटेत ठेवायचा आणि हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत. समोरचा राजा ती ओळ ओलांडू शकत नाही. नाइलाजाने त्याने प्यादं त्या ओळीत ढकललं की आपला हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि मागून शह देत सुटतो. आता त्या राजाला लपायला प्याद्याचा आडोसा नाही.

दुसरी लुसेनाची, जिंकणाऱ्यासाठी. गंमत म्हणजे लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात ती नाहीच, ती सापडते साल्व्हियोच्या १६३४ च्या पुस्तकात. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. यात आपला राजा प्याद्याच्या पुढच्या घरात असतो. बाहेर आला की शहांचा भडिमार. उपाय असा की आधी आपला हत्ती चौथ्या ओळीत आणून ठेवायचा. मग राजा बाहेर पडतो, शह खात खाली उतरतो आणि शेवटच्या शहाला आपला हत्तीच मध्ये येऊन उभा राहतो. याला ‘पूल बांधणं’ म्हणतात. बसमध्ये मी हेच विसरलो होतो.

आणि संगणक?

संगणक दोन प्रकारे उत्तर देतो. स्टॉकफिशसारखं इंजिन पुढच्या चाली मोजून अंदाज बांधतं. पण पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले (राजे धरून) की अंदाजाची गरजच नसते. तिथे ‘टेबलबेस’ आहे, म्हणजे सगळ्या शक्य स्थितींची आधीच सोडवून ठेवलेली वही.

ती तयार होते उलट्या दिशेने. आधी मात झालेल्या सगळ्या स्थिती घ्यायच्या. मग एक चाल मागे जायचं, कोणत्या स्थितीतून इथे येता येतं? मग आणखी एक चाल मागे. असं करत सगळा पट भरून काढायचा. इंजिनिअरिंगला ग्राफ शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थिती भरतात सुमारे ४२४ लाख कोटी. २०१८ मध्ये पूर्ण झालेली ‘सिझिजी’ ही वही सुमारे १७ टेराबाइटची आहे. लिचेसवर ती फुकट पाहता येते.

या वहीत चूक नाही, पण कारणही नाही. तिच्या लेखी स्थिती तीनच, जिंकलेली, हरलेली किंवा बरोबरी. बरोबरीच्या पाच चाली असतील तर पाचही सारख्याच. त्यातल्या एकीनंतर डोळे मिटून खेळता येतं आणि दुसरीनंतर ओळीने वीस चाली अचूक सापडाव्या लागतात, हा फरक तिथे दिसत नाही. हत्ती आणि एफ व एच ओळींतली दोन प्यादी विरुद्ध एकटा हत्ती, ही स्थिती बहुतेक वेळा बरोबरीची, पण ग्रँडमास्टरही ती हरतात.

जिंकतानाही तऱ्हा वेगळी. सिझिजी मोजते ती पुढच्या मारामारीपर्यंतची किंवा प्यादं हलेपर्यंतची चाल. त्यामुळे निव्वळ तिच्या सांगण्यावरून खेळलं तर चांगली मोहरी उगाच देऊन टाकलेली दिसतात. माणूस असं खेळला तर सर कान पकडतील.

घड्याळ कुणाच्या बाजूने?

दुबईत ३ डिसेंबर २०२१ रोजी कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा सहावा डाव १३६ चाली चालला. शेवटी कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, समोर एकटा वजीर. राजे धरून सात मोहरे, म्हणजे उत्तर वहीत तयार होतं, बरोबरी. साडेसात तासांहून जास्त खेळल्यावर, १३०व्या चालीला नेपोम्नियाचीचा वजीर चुकीच्या घरात गेला. जगभरातल्या प्रेक्षकांना ते मोबाइलवर लगेच दिसलं. पटासमोरच्या दोघांकडे मोबाइल नव्हता.

आपल्या जवळचं उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचं. २८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बातुमी, महिला विश्वचषकाची अंतिम लढत, समोर कोनेरू हंपी. तीच हंपी, जिने एप्रिलमध्ये पुण्यातली महिला ग्रँड प्रिक्स जिंकली होती. दोन क्लासिकल डाव बरोबरीत, मग पंधरा मिनिटांचे टायब्रेक. दुसऱ्या डावाच्या अखेरच्या टप्प्यात हंपीच्या घड्याळात वेळ उरला नव्हता. चुका दोघींकडून झाल्या, शेवटची हंपीकडून. १९ वर्षांची दिव्या विजेती आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. जिंकल्यावर तिने काय सांगितलं? एंडगेम अजून शिकायला हवेत, आपण मध्येच तो बिघडवला होता.

माझा डाव मी पुन्हा लावून पाहिला. राजा बाहेर काढला, शह आला, राजा परत आत. पुन्हा बाहेर, पुन्हा शह. वहीच्या हिशेबाने प्रत्येक वेळी मी जिंकतच होतो, कारण हातातला विजय एकदाही सुटला नव्हता. फक्त मी त्याच्या जवळही जात नव्हतो. हत्ती चौथ्या ओळीत ठेवला असता तर पुढच्या काही चालींत प्याद्याचा वजीर झाला असता आणि धायरी फाटा यायच्या आत डाव संपला असता.