बाटलीतली मुसळी (वनौषधींची लेखमाला : भाग ६)

लोकलमध्ये रोज कानावर पडणारं एक स्टेशन सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात जाऊन बसलं आहे. क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम! मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली या वनस्पतीचं नामकरण केलं, आणि बोरिवली जगभरच्या वनस्पतिकोशांत पोचली.

मुसळीची खोड अशी की औषध मुळात, आणि बेणंही तेच. बियांची उगवण भरवशाची नसते. नुसतं मूळ पुरलं तर कोंब येत नाही, त्याला वरचा डोळा चिकटलेला लागतो. म्हणजे जे विकायचं त्यातलंच पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवायचं. रानातून खणणारा तर सगळा गड्डाच उपटून नेतो.

टिश्यू कल्चरची केळी आता खानदेशात कुणाला नवी नाहीत. मुसळीचीही रोपं त्याच वाटेने करता येतात. पण मुसळीचा डोळा मातीत असतो, त्यामुळे बुरशी आणि जिवाणूही त्याच्याबरोबर प्रयोगशाळेत येतात. तो घासून धुवायचा, मर्क्युरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात काही मिनिटं बुडवायचा, मग निर्जंतुक हवेच्या झोतात कापून बाटलीत ठेवायचा. बाटलीत असतं मुराशिगे आणि स्कूग यांचं खाद्य. १९६२ साली तंबाखूच्या पेशी वाढवताना त्यांनी ते बसवलं. क्षार, जीवनसत्त्वं, लिटरला ३० ग्रॅम साखर आणि घट्टपणासाठी अगार. इतकं गोड ताट वाढल्यावर बुरशीलाही आमंत्रण लागत नाही, म्हणून ते आधी १२१ अंश सेल्सिअसला वाफवून घेतात. एवढं करूनही काही बाटल्या कापसासारख्या पांढऱ्या होतातच.

खाद्यात सायटोकायनिन हे कोंब फुटवणारं संप्रेरक जास्त असलं की एका डोळ्याला कोंबांचा झुबका फुटतो. तो सोडवून पुन्हा नव्या बाटल्यांत लावायचा. दर खेपेला तिप्पट धरा, दहा खेपांत एका डोळ्याचे ५९,०४९ कोंब होतात. मग ऑक्सिन हे दुसरं संप्रेरक देऊन मुळं फुटवायची.

इथवर सोपं. बाटलीतलं रोप मात्र लाडावलेलं असतं. साखर आयती आणि हवा दमट, त्यामुळे पानांवर मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. तसंच उन्हात नेलं तर तासाभरात मान टाकतं. म्हणून मुळांवरचं अगार धुऊन कोकोपीटमध्ये लावतात, शेडनेटच्या सावलीत प्लॅस्टिकखाली झाकतात, आणि दमटपणा दिवसागणिक कमी करत नेतात. माझ्या मते प्रयोगशाळेची खरी परीक्षा या शेडनेटमध्ये होते, बाटल्या मोजून नव्हे.

बाटलीतून येतं ते बेणं. मुसळी भरते ती मातीतच. त्यामुळे रोपं घेताना मी एकच गोष्ट विचारेन : पहिला डोळा कुठल्या झाडाचा? त्या झाडाचा वाणच बारीक मुळांचा असेल, तर उरलेली ५९,०४८ रोपंही त्याच वळणावर जाणार.