वस्तरा

वस्तरा हे दाढी करण्याचे, मुठीत मिटणारे पोलादी हत्यार आहे. याच्या पात्याला संरक्षक कड नसते. १९०४ साली किंग कॅम्प जिलेट यांना सुटे ब्लेड बसवायच्या रेझरचे अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे घरगुती वापरातून वस्तरा मागे पडत गेला.

वापर

केस कोमट पाण्याने भिजवून त्यांवर ब्रशने साबणाचा फेस करतात. एका हाताने त्वचा ताणून, पाते तिच्याशी सुमारे ३० अंशांचा कोन करून केसांच्या वाढीच्या दिशेने हलकेच फिरवतात. पाते धारेच्या रेषेत आडवे सरकल्यास जखम होते. नवशिके सपाट गालापासून सुरुवात करतात. हनुवटी व गळा सराव झाल्यावर.

धार

दाढीपूर्वी पाते चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे व धार मागे ठेवून ओढतात; परतीला ते पाठीवरच उलटवतात. धार गेल्यास दगडावर लावतात. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, म्हणून तेच अधिक धोक्याचे असते.

स्वच्छता

एकच पाते अनेकांना वापरल्यास हिपॅटायटिस बी सारखे रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात. त्यामुळे केशकर्तनालयांत आता ब्लेड बदलता येणारा वस्तरा वापरतात. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे ब्लेड बसवणे आवश्यक असते.