लाव्हाच्या थरांमधले बेडूक

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातला काळा कातळ थिजलेल्या लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्यात जीवाश्म सहसा सापडत नाहीत. मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दोन उद्रेकांमधल्या खंडात मुंबईत गोड्या पाण्याची तळी साचली आणि त्यांतल्या गाळाचे पातळ पापुद्र्यांचे शेल खडक झाले. वरळीच्या टेकडीवरील अशा थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे आणि एक कासव मिळाले. या बेडकाचे वर्णन जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७मध्ये केले. आज तो इंडोबॅट्राकस पुसिलस म्हणून ओळखला जातो. टेकडीवर आता दाट वस्ती आहे. ओहोटीला किनाऱ्यावरच्या कातळात दिसणारे पांढरे ठिपके जीवाश्म नसतात. वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत साचलेली ती झिओलाइट, कॅल्साइटसारखी खनिजे असतात.