अल्पशर्करा आहार व कँडिडा-संसर्ग
शरीरातील यीस्टची (एककोशिक कवकाची) अतिरिक्त वाढ रोखण्यासाठी साखर, गूळ, मध, मैद्याचे पदार्थ व कित्येकदा फळेही वर्ज्य करण्याची आहारपद्धती. कँडिडा आल्बिकन्स हे यीस्ट अनेक निरोगी व्यक्तींच्या तोंडात, आतड्यात व योनिमार्गात निरुपद्रवी अवस्थेत असते. प्रतिजैव औषधांमुळे सहवासी सूक्ष्मजंतू नष्ट झाल्यास, मधुमेह अनियंत्रित असल्यास किंवा रोगप्रतिकारक्षमता घटल्यास त्याची वाढ होऊन पांढरे चट्टे, खाज, दाह इ. लक्षणे उद्भवतात.

अमेरिकेतील वैद्यक व्यावसायिक ओरियन ट्रस व विल्यम क्रुक यांच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांमुळे या आहारास लोकप्रियता लाभली. दीर्घकालीन थकवा, डोकेदुखी, नैराश्य अशा अनेक तक्रारींचे मूळ यीस्टच्या वाढीत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेतील अधिहर्षता (ॲलर्जी) तज्ञांच्या संस्थेने १९८६ मध्ये ही कल्पना अनुमानात्मक व असिद्ध ठरविली.

यीस्टच्या वाढीला शर्करा पोषक असते, हे खरे. परंतु खाल्लेली साखर बहुतांशी लहान आतड्यातच शोषली जाते आणि निरोगी व्यक्तीत इन्शुलिनामुळे रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण मर्यादित राहते. निरोगी व्यक्तींना शुद्ध शर्करायुक्त आहार जादा दिला असता आतड्यातील कँडिडाच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

मधुमेहात स्थिती वेगळी असते. रक्तातील ग्लुकोज सामान्यतः दर १०० मिलि. मध्ये सु. १८० मिग्रॅ. पेक्षा वाढल्यास ते मूत्रात उतरते व जननेंद्रियांच्या संसर्गास अनुकूल परिस्थिती निर्माण होते. मूत्रावाटे ग्लुकोज बाहेर टाकणाऱ्या मधुमेहावरील काही औषधांनीही हा संसर्ग वाढतो. म्हणून मधुमेही व्यक्तीने शर्करेवर नियंत्रण ठेवणे उपयुक्त असते. इतरांना साखर मर्यादित ठेवल्याने दात व वजन यांच्या दृष्टीने लाभ होतो. मात्र तो संसर्गावरील उपचार नव्हे. त्यासाठी निस्टॅटिन, क्लोट्रिमाझोल, फ्ल्युकोनाझोल इ. कवकनाशके वैद्याच्या सल्ल्याने वापरतात.

फळे, कडधान्ये व दूध दीर्घकाळ वर्ज्य केल्यास कुपोषण संभवते, विशेषतः गर्भवती व वृद्ध व्यक्तींत. वारंवार होणारा कँडिडा-संसर्ग हे कधीकधी मधुमेहाचे पहिले दृश्य लक्षण असते; अशा वेळी केवळ पथ्यावर विसंबल्यास निदान लांबते. त्यामुळे आहार बदलण्यापूर्वी रक्तशर्करेची तपासणी करून घेणे आवश्यक आहे.