मार्शलने सोडलेले प्यादे
न्यूयॉर्क, १९१८. बुद्धिबळ स्पर्धेच्या डावात कापाब्लांका पांढऱ्या मोहऱ्यांनी रुय लोपेझ ही सुरुवात खेळत होता. आठव्या खेळीला फ्रँक मार्शलने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले आणि राजापुढच्या प्याद्यावर पाणी सोडले. मोबदल्यात वेळ मिळाला: पांढऱ्याची वजिराकडची मोहरी अजून घरातच, आणि काळ्याचे उंट, घोडा, वजीर थेट राजावर चालून आलेले. ही आधीची तयारी आहे हे ओळखूनही कापाब्लांकाने प्यादे घेतले, पटावरच अचूक बचाव शोधला आणि ३६ खेळींत डाव जिंकला. इतका धीट बचाव विरळाच! काळ्याने अकराव्या खेळीला घोडा मागे घेण्याऐवजी वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे एक घर सरकवायचे, ही सुधारणा पुढे आली. आज अव्वल खेळाडू मार्शलच्या नावाने ओळखला जाणारा हा हल्ला बहुधा तसाच खेळतात.