बेटावरील पाण्याचा हिशेब

मुक्ताईनगर परिसरातील केळी-बागायतदारास विहिरीची पातळी खोल जाण्याचे दुःख ठाऊक आहे. परंतु त्याची विहीर आटते, खारट होत नाही. लक्षद्वीपच्या बेटांखाली समुद्राच्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो. पावसाने मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा वाढला, की खालचे खारे पाणी वर चढते. ३२ चौरस किलोमीटरांच्या या द्वीपसमूहात २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांवर लोक राहतात. तेथील निर्मनुष्य सुहेली व वस्तीच्या कदमत बेटावर दोन आलिशान रिसॉर्टची घोषणा २०२३ मध्ये, पर्यावरण जपण्याच्या ग्वाहीसह, झाली.

समुद्राचे पाणी गोडे करता येते, हे कवरत्तीच्या २००५ मधील प्रकल्पाने दाखविले. मात्र त्यास वीज लागते आणि बेटांवरील वीज आजवर मुख्यतः जहाजाने आणलेल्या डिझेलवर निर्माण होत आली आहे. बांबूच्या भिंतींनी हा खर्च झाकला जात नाही. पाहुणा खोलीचे भाडे देतो. विहीर खारावली तर तिची किंमत कदमतच्या रहिवाशांना मोजावी लागेल. त्यांना रोजगार हवाच. म्हणूनच दर खाटेमागे पाणी किती, ते कोठून आणि वीज कशाची, हा हिशेब परवान्यापूर्वी जाहीर व्हावयास हवा.