सहा ग्रॅमची पुडी

टोमॅटोच्या पानावर काळपट ठिपके दिसायला लागले, की शेतकरी कृषी सेवा केंद्र गाठतो. नारायणगाव असो वा मंचर, तिथे एक नाव सहज कानावर पडतं: स्ट्रेप्टोसायक्लीन. सहा ग्रॅमची पुडी. कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर पंपात कालवायची आणि फवारायची. हे नाव आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं. पुडीत नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन, दहा टक्के टेट्रासायक्लीन. त्यातलं पहिलं म्हणजे क्षयरोगाला नमवणारं पहिलं प्रतिजैविक. खास पिकांचं असं त्यात काहीच नाही, दोन्ही औषधं माणसांची.

हीच जोडी जपानमध्येही गाजली होती, पण आतड्यात. 1950 च्या दशकात तिथे हगवणीचा शिगेला जिवाणू एकदम चार औषधांना जुमानेनासा झाला: स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सल्फा. रुग्णांच्या पोटातल्या एरवी गरीब असलेल्या ई. कोलायमध्येही हीच चौकडी निघाली. 1959 मध्ये उलगडा झाला. दोन्ही जिवाणू एकत्र वाढवले, की प्रतिकारशक्ती एकाकडून दुसऱ्याकडे जात होती. प्रतिकाराची जनुकं प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसलेली असतात आणि जिवाणू तो कडा शेजाऱ्याला देऊन टाकतात. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. एका औषधाचा मारा झाला, तरी चारही प्रतिकार एकत्र टिकतात.

स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी स्ट्र-ए आणि स्ट्र-बी ही जनुकं माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंत सापडतात, तशीच झाडांना रोग लावणाऱ्या जिवाणूंतही. शेतात आणि पोटात एकच हत्यार! मधल्या वाटाही आहेतच: माती, पाणी, शेणखत, कोंबडखत. कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिनवर भारताने 2019 मध्ये बंदी घातली, कारण डॉक्टरांच्या हाती उरलेल्या शेवटच्या औषधांपैकी ते एक. त्याच वर्षी जगात प्रतिजैविक-प्रतिकारामुळे थेट सुमारे 12.7 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि त्यात सर्वाधिक वाटा ई. कोलायचा.

पुडीचा धाक निदान पिकावरच्या रोगाला तरी पुरतो का? 2020 मध्ये टोमॅटोवर आलेला ‘तिरंगा’ रोग विषाणूंचा होता. तिथे प्रतिजैविक म्हणजे पाण्यात पैसे. खऱ्या जिवाणूजन्य ठिपक्यांवरही फ्लोरिडाच्या टोमॅटो-मिरचीच्या शेतांत स्ट्रेप्टोमायसिन 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हरलं. शेतकऱ्यांनी मग तांब्यावर भिस्त ठेवली. 1980 च्या दशकात तांब्याला न जुमानणारे जिवाणूही तिथे सापडले.

केंद्राने 2021 च्या डिसेंबरमध्ये ही पुडी टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला.